ठेवते म्हटलं की टेबल

माझं आणि माझ्या नवऱ्याचं या वर्षातलं सगळ्यात मोठं भांडण एका भिंतीवरून झालं, आणि ती भिंत अजून बांधलेलीसुद्धा नव्हती.

मस्कतच्या हमरियात, गाडी लावायला जागा मिळाली तर नवस फेडावा अशा गल्लीत, आमचं ‘खुदेजा रेस्टॉरंट’ आहे. खुदेजा म्हणजे मी. रत्नागिरीहून मी इथे आले तेव्हा नूरुद्दीन नव्या नवऱ्याच्या धुंदीत होते, म्हणून पाटीवर माझं नाव लागलं. आता ते माझं नाव घेतात ते फक्त चाव्या सापडत नसल्या की. मागे स्वयंपाकघर, तिथे त्यांचं राज्य. पुढे बसायचा हॉल, तिथे माझं. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण, तळलेला बांगडा, वालाची उसळ, सोलकढी, शुक्रवारी सांदणं. एके काळी गुरुवारी संध्याकाळी या हॉलमध्ये उभं राहायला जागा नसायची. मग कोरोना आला, माणसं घरात बसली, फोनवरून मागवायला शिकली, आणि कोरोना गेला तरी ती काही परत आली नाहीत. मागवणं मात्र वाढलं. स्वयंपाकघराला श्वास घ्यायला फुरसत नाही आणि हॉलमध्ये मी एकटी पाण्याचे जग भरून बसलेली, असं चाललं होतं.

त्यात नूरुद्दीनचे कान कमी झाले. फोन तेच घ्यायचे. कुणी बांगडा म्हटलं की ते भाकरी लिहायचे, आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली की म्हणायचे, “नीट बोलत जा.” शेवटी एका रविवारी दुपारी ते हात पुसत बाहेर आले आणि मला म्हणाले, “खुदेजा, आता दोन कामं करायची. फोनला नुमान मशीन लावतोय. न् हॉलच्या मधी भिंत घालायची. पुढची जागा आपला अर्बाब एका अत्तरवाल्याला देतोय. आपल्याला मागचं किचन बास.”

“न् मी खय बसू?”

“घरी बस. आराम कर.”

आराम हा शब्द ऐकला की माझं डोकं सटकतं. आमची लेक माहनूर लग्न होऊन सलालाला गेली. घरात बोलायला कोण, तर पंखा. मला माणसं जेवताना बघायला आवडतं. कुणी भाकरीचा पहिला तुकडा कालवणात बुडवून डोळे मिटतो ना, ते बघायला मी सकाळी उठते. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही ते त्यांच्या कानांनाच ठाऊक. “बघ गो, रिकाम्या खुर्च्यांना वारा घालून काय फायदा,” एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्या चहात साखर घातली नाही.

जमाल, म्हणजे आमचे इमारतीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे अर्बाब म्हणतो, ते पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी अत्तरवाल्याला घेऊन येणार होते. जागा बघायची, मापं घ्यायची आणि हो म्हणायचं. म्हणजे माझ्या हॉलला तेवढेच दिवस उरले होते.

आता नुमानबद्दल. हा नूरुद्दीनच्या बहिणीचा मुलगा. शाळेत आम्हाला उंटावरच्या शहाण्याची गोष्ट होती. मस्कतमध्ये उंट खरे आहेत, पण शहाणा मात्र कुरुमच्या एका एसी ऑफिसात बसतो आणि हॉटेलांच्या फोनवर बोलणारी यंत्रं बनवतो. गिऱ्हाइकाने फोन केला की यंत्र माणसासारखं बोलतं, काय हवं ते विचारतं, पत्ता घेतं, आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर पडते. अरबी, इंग्रजी, हिंदी, मल्याळम ही त्याची आधीच तयार होती. मराठी कच्ची होती. “मामी, तू माझ्याबरोबर बस. आपली माणसं कशी मागवतात ते सांग. तू सांगशील तसं तिला शिकवतो,” असं म्हणून त्याने मला कामाला लावलं. तिचं नाव त्याने रईसा ठेवलं. आवाज इतका गोड, की ती सोलकढी म्हणाली तरी बासुंदी मागवल्यासारखं वाटावं.

खरं सांगते, मी तिच्याकडे वाकड्या नजरेनेच बघायला सुरुवात केली होती. भिंतीची बहीणच वाटायची मला ती. पण पहिल्याच दिवशी तिने असा गोंधळ घातला की माझा राग निम्मा पळाला.

कुरुमचे कृष्णकांत जोगळेकर आमचे जुने गिऱ्हाईक. जुने म्हणजे फोनवरचे. तोंड कधी बघितलेलं नव्हतं. पुण्याचे, शाकाहारी, दर सोमवारी वालाची उसळ आणि भाकरी. त्यांनी रईसाला उसळ सांगितली, भाकरी सांगितली. रईसाने विचारलं, “अजून काही?” ते म्हणाले, “पुरे.” रईसाने पुन्हा विचारलं, “एकच प्लेट?” तर ते पुणेकर, एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागलं की त्यांचा आवाज चढतो. “अहो पुरे, पुरे!” म्हणाले.

स्वयंपाकघरात चिठ्ठी पडली. पुरी, दोन प्लेट.

पुरी-भाजी आमच्याकडे फक्त सकाळी असते. नूरुद्दीननी संध्याकाळी कढई चढवली, रईसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुऱ्या लाटल्या आणि पाठवल्या. मी वाट बघत होते, आता जोगळेकरांचा फोन येईल आणि यंत्र उद्या सकाळी कचऱ्यात जाईल. फोन आला. “पुऱ्या उत्तम होत्या,” म्हणाले. “फक्त, मागवल्या नव्हत्या.”

नुमानने ते दुरुस्त केलं. मग हळूहळू ती शिकत गेली. ‘जरा झणझणीत’ म्हणजे किती, ‘थोडंसंच’ म्हणजे दोघांना पुरेल एवढं, ‘बघा काय चांगलं असेल ते’ म्हणजे बांगडा. मवालेहच्या उत्तराबाईंचा आठ वर्षांचा अनय तर तिच्यावर जाम खूश. शाळेत पोरं इंग्रजीत बोलणारी, त्याच्या मराठीला चुलत भाऊ हसायचे, म्हणून घरात तो मराठी बोलायचाच बंद झाला होता. रईसा हसत नव्हती. “मला भूक लागला. ते रेड वाला कालवण पाहिजे, पण नॉट स्पायसी,” असं तो म्हणायचा आणि ती म्हणायची, “बरं अनय, कमी तिखट करून देते.” उत्तराबाईंनी हे मला एकदा फोनवर सांगितलं. मुलगा आता ऑर्डर द्यायची म्हणून मराठी बोलतो, म्हणाल्या. त्या दिवशी मी रईसाला मनातल्या मनात बहीण म्हटलं, पण भिंतीची नाही, माझी.

आणि बहिणीला कामाला लावावं तसं मी तिला कामाला लावलं.

“नुमान,” मी म्हटलं, “तिला टेबल राखायला पण शिकव. कुणाला येऊन बसायचं असेल तर?”

तो हसला. “मामी, कोण येतंय बसायला?”

“तू शिकव तर. पोट दुखणार हाय का तुजा, मामीचं ऐकलंस तर?”

बिचारा बसला लॅपटॉप घेऊन. मला विचारलं, टेबल हवं असेल तर आपले लोक काय म्हणतात? आरक्षण? मी म्हटलं, आरक्षण रेल्वेचं. आपला माणूस म्हणतो, आमचं टेबल ठेवा. तर तो म्हणाला, टेबल हा शब्द आला की समजेल तिला. मी म्हटलं, “लांबलचक कोण बोलतंय? नुसतं ‘ठेवा’ म्हणतात. तू असं कर, ठेव, ठेवा, ठेवू, ठेवतो, काही पण ऐकलं की टेबल ठेव. संशय नको. एक पण गिऱ्हाईक सुटता कामा नये.” दिवस सांगितला नाही तर कुठला धरायचा, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, गुरुवार, आठ वाजता, इशाची नमाज झाली की. इथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी लोकांना दुसऱ्या दिवशी उठायची घाई नसते. आणि त्याच दिवशी सकाळी त्यांना फोनवर मेसेज जाऊ दे, माझ्या नावाने. मेसेज मी स्वतः सांगितला: ‘आज रात्री आठ वाजता आपलं टेबल ठेवलं आहे. वाट पाहते. खुदेजा.’

तुम्ही मराठी बोलत असाल तर तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी जन्मभर मराठी बोलते, मराठी शाळेत शिकले, आणि तरी आलं नाही. नुमानचं मला नवल नाही, तो अर्धं आयुष्य इंग्रजीत जगतो. पण मी?

पुढचे दिवस मी रोज त्याला विचारायचे, आली का कुणाची बुकिंग? त्या आठवड्यात तो ऑफिसच्या कामाला सोहारला होता. “बघतो मामी,” म्हणायचा. ‘बघतो’ या शब्दाचा अर्थ मला चांगला कळतो, बघत नाही. त्याचं मत होतं की शून्यच असणार, मग उगाच मामीचं मन कशाला मोडा. रईसा गोड आवाजात ऑर्डरी घेत होती, प्रिंटर चिठ्ठ्या फेकत होता, नूरुद्दीन खूश होते, आणि हॉल होता तसाच रिकामा होता. मंगळवारपर्यंत मी आशा धरली. बुधवारी सोडली.

गुरुवारी संध्याकाळी मी हॉल धुतला. टेबलं पुसली, मेणकापडं बदलली, लोबानाचा धूर केला. पाहुणा यायचा असला की घर जसं नीट करतात तसं, पण इथे जाणारी पाहुणी मीच होते. मला रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून राग येत होता. नूरुद्दीन स्वयंपाकघरातून हॉलमध्ये उघडणाऱ्या खिडकीतून बघत होते. “कशाला गो एवढं? भिंतच तर घालायची हाय,” म्हणाले. मी फडका बादलीत असा आपटला की पाणी त्यांच्या खिडकीपर्यंत उडालं.

नमाजेहून अर्बाब थेट आले. पांढरा पायघोळ दिशदाशा, डोक्यावर नक्षीची कुमा टोपी, चेहऱ्यावर नेहमीसारखं हसू; जमाल हा माणूस कुणाचं वाईट चिंतणारा नाही, म्हणून त्याच्यावर रागावताही येत नाही. बरोबर अत्तरवाला होता. आधी त्याचा वास आत आला, मग तो. त्याने हॉलच्या मधोमध खडूने भिंतीची रेघ आखली, मग खिशातून मोजपट्टी काढली, एक टोक दारापाशी जमिनीवर ठेवलं, त्यावर माझी मिठाची बरणी दाबली आणि पट्टी ओढत मागे मागे जायला लागला.

दार उघडलं.

एक उंच, चष्मा लावलेले गृहस्थ आणि मागे मोरपंखी साडीतल्या बाई, हातात मिठाईचा खोका. गृहस्थांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे.

“जोगळेकर. आठ वाजता टेबल ठेवलंय आमचं.”

मला आधी तो आवाज ओळखू आला. पुरे पुरे! मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. त्यांच्या बायको सुरेखाबाई पुढे झाल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, “तुम्हीच खुदेजा ना? सकाळी मेसेज वाचला आणि मी यांना म्हटलं, स्वतः वाट पाहते म्हणतायत, आता नाही कसं म्हणायचं? कशाचं हो निमित्त? काही आनंदाचं आहे का?”

मी काही बोलायच्या आत दार पुन्हा उघडलं. उत्तराबाई आणि अनय. अनयने हॉलभर नजर फिरवली. “रईसाने टेबल ठेवला का?” त्याने मला विचारलं. त्याच्या मागे रुवीच्या सोन्याच्या दुकानातले दोघे भाऊ त्यांच्या बायकांसह. त्यांच्या मागे आमच्या दापोलीकडचं एक मोठं कुटुंब, आजीपासून तान्ह्यापर्यंत, आजी खुर्चीवरच आणलेली. त्यांना वाटलं होतं नुमानची मंगनी आहे. त्यांनी पाकीट आणलं होतं. सोन्याच्या दुकानातल्यांना वाटलं होतं हॉटेलला इतकी वर्षं झाली म्हणून दावत आहे. त्यांनी हार आणला होता. दार बंद होतच नव्हतं. जो आत येई तो म्हणे, आमचं टेबल ठेवलंय. आणि जो म्हणे त्याला मी बसवत होते, कारण मला दुसरं काहीच येत नाही.

अत्तरवाला मोजपट्टीचं दुसरं टोक धरून मागच्या कोपऱ्यात अडकला होता. पट्टीवर आता तीन खुर्च्यांचे पाय आणि दापोलीच्या आजीबाईंची काठी होती.

मी धावत खिडकीपाशी गेले. “नूरुद्दीन! माणसं आलीयत!”

“काय? मासळी आली?”

“माणसं! हॉल भरलाय!”

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. एकेक टेबल मोजलं. मग तेवढंच म्हणाले, “भाकऱ्या कोण करणार इतक्या?”

“मी करते,” मागून सुरेखाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून आत शिरल्यासुद्धा. जोगळेकर म्हणाले, “तिला तांदळाच्या येत नाहीत, ज्वारीच्या येतात.” त्यांचं कुणी ऐकलं नाही. दापोलीच्या दोन सुनाही मागोमाग गेल्या. तेवढ्यात नुमान सोहारहून थेट आला, दारातच थबकला, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला त्याही गडबडीत हसू आलं.

“मामी, हे काय?”

“तू सांग. तुजीच मशीन हाय.”

भिंतीला टेकून तो फोनवर काहीतरी शोधू लागला. मी ताटं मांडत होते, तर त्याने मला थांबवलं. तो हसत होता की रडत होता कळेना. “मामी, ऐक,” म्हणाला आणि वाचायला लागला. सोमवार, जोगळेकर. रईसा विचारते, अजून काही? ते म्हणतात, नाही, ठेवतो. रईसा म्हणते, बरं, ठेवते हं, वाट पाहते. मंगळवार, उत्तराबाई. झालं एवढंच, ठेवू का मग? रईसा म्हणते, हो, ठेवते. बुधवार, सोन्याचं दुकान. चला, ठेवतो. बरं, ठेवते.

“मामी,” तो म्हणाला, “फोन खाली ठेवतात ना सगळे. प्रत्येक जण ठेवतोच म्हणतो. आणि तिने प्रत्येकाला टेबल दिलं.”

मी मटकन खुर्चीत बसले. आजवर हजारदा फोनवर मी स्वतः म्हटलंय, बरं, ठेवते. माहनूरला रोज म्हणते. आपल्याकडे कुणी फोन तोडत नाही, कापत नाही, बंद करत नाही, हळूच ठेवतो. कुणाला दुखावू नये म्हणून विचारून ठेवतो. आणि मीच त्या पोरीला सांगितलं होतं, ठेव म्हटलं की टेबल ठेव, संशय नको. करायला गेले एक आणि झालं भलतंच. इतकी हसले की उत्तराबाई पाणी घेऊन आल्या. त्यांना सांगितलं, मग त्या हसायला लागल्या, मग त्यांनी शेजारच्या टेबलाला सांगितलं, आणि ते हसू एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलं, सोन्याच्या दुकानापासून दापोलीपर्यंत. सगळ्यात उशिरा हसले जोगळेकर, पण सगळ्यात जास्त वेळ तेच हसत होते. “म्हणजे आम्हाला कुणी बोलावलंच नव्हतं!” ते म्हणत होते आणि चष्मा पुसत होते.

“आता उठून जाऊ नका म्हणजे झालं,” मी म्हटलं.

“जातोय कोण?” सोन्याच्या दुकानातले धाकटे भाऊ म्हणाले आणि त्यांनी अजून एक बांगडा मागितला.

अनय मात्र गंभीर होता. त्याची आई त्याला म्हणाली, अरे, रईसा चुकली. तो म्हणाला, “नाही. तिने सांगितली ठेवते, आणि तिने ठेवली. ती नाही चुकली.” मी त्याला जास्तीची कोळंबी वाढली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, गंमत झाली आणि लोक पोट भरून घरी गेले. ताटं उचलताना मी सुरेखाबाईंना विचारलंच. त्या पिठाच्या हातांनी बाहेर आल्या होत्या, तोंड लाल झालेलं, आणि भारी खुशीत होत्या. मी म्हटलं, इतकी वर्षं आमच्याकडचं खाता, कुरुम काय लांब आहे? कधी आला का नाहीत?

“आम्हाला काय माहीत इथे बसायला जागा आहे!” त्या म्हणाल्या. “फोन लावला की तिकडून एकच: ‘बोला, काय पाठवू?’ आम्हाला वाटायचं नुसतं स्वयंपाकघरच आहे. ‘या’ म्हणून कधी कुणी म्हटलंच नाही हो.”

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, खरंय, आम्हालाही तसंच वाटायचं. आणखी एक जण म्हणाला, मी एकदा विचारलं होतं बसायला जागा आहे का, तर म्हणाले, बांगडा संपलाय.

मी खिडकीकडे बघितलं. नूरुद्दीन तिथेच होते, हातात झारा. कान कमी असले तरी हे त्यांना ऐकू गेलं होतं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. इतकी वर्षं फोन त्यांनीच घेतला होता. मला वाटलं होतं, अशा वेळी मी त्यांना चांगलं सुनवीन. दोन आठवडे वाक्यं तयार करून ठेवली होती, एकाहून एक धारदार. एकही तोंडातून निघालं नाही. बिचारे कढईपाशी घामाने निथळत होते, आणि मला त्यांची दया आली आणि त्यांच्यावर मायाही आली, जी मी बरेच दिवस कुलपात घालून ठेवली होती.

नुमान पुढे झाला. “मामू, आत्ता दुरुस्त करतो. ठेवतो म्हटलं तर टेबल नाही धरणार ती.”

“कर,” मी म्हटलं. “पण फोन उचलला की पहिलं काय म्हणायचं ते मी सांगते. ‘येताय, की पाठवू?’ असं विचारायचं तिने. आधी येताय, मग पाठवू.” आता रईसा तसंच विचारते. मराठीत, मल्याळममध्ये, अरबीतसुद्धा.

या सगळ्यात अर्बाब राहिलेच. त्यांना बसायला जागाच नव्हती. दापोलीच्या आजीबाईंनी त्यांचा हात धरून बाजूला बसवून घेतलं होतं आणि त्यांना आपल्या कोकणीत गावची विहीर सांगत होत्या. अर्बाब त्यांना अरबीत हो हो म्हणत कालवण-भात खात होते. त्यांच्या दुसऱ्या बाजूला अत्तरवाला. त्याने मोजपट्टीचा नाद सोडला होता. बाह्या वर करून तो तळलेल्या बांगड्याचा काटा काढत होता, आणि सोन्याच्या दुकानातल्या दोघी जावांच्या मनगटांना आळीपाळीने अत्तर लावून झालं होतं. धंदा तिथे चांगला झाला असावा, कारण तो कुठलीही जागा न घेता खूश दिसत होता.

अर्बाबांनी हात धुतले, दाढीवरून फिरवले आणि खिडकीपाशी आले. मी ताटांची चळत घेऊन तिथेच उभी होते. लोक आज आले होते, चुकून. उद्या येतील की नाही, कुणाला ठाऊक? शहाणा माणूस काय करील हे मला माहीत होतं, आणि नूरुद्दीन व्यवहाराला शहाणे आहेत.

“यल्ला नूर,” अर्बाब म्हणाले, त्यांच्या त्या इथल्या हिंदीत. “ये इत्रवाला मेहमान पूछ रहा है. दीवार बनाना है ना? कब से शुरू?”

नूरुद्दीन स्वयंपाकघरातून बाहेर आले. कितीतरी महिन्यांत मी त्यांना त्या दारातून हॉलमध्ये येताना बघितलं नव्हतं. अंगाला तेलाचा वास, कपाळावर पीठ. त्यांनी हॉल बघितला. दाराजवळ दापोलीचं बाळ टेबलावर झोपलं होतं, मधोमध जोगळेकर सोन्याच्या दुकानदारांना काहीतरी पटवून देत होते, आणि अनय सगळ्यांच्या मधून सोलकढीचा पेला सांडू न देता घेऊन चालला होता. भिंत जिथे यायची होती ती रेघ अत्तरवाल्याने खडूने आखली होती. तिच्यावर आता तीन टेबलं होती.

“दीवार किधर बनाएगा, अर्बाब?” नूरुद्दीन म्हणाले. “लोग बैठा है.”

आणि माझ्या हातातली ताटं त्यांनी आपल्या हातात घेतली, आणि कोणत्या टेबलावर काय कमी आहे ते मला विचारलं.